जबेदाचा दुधी

आषाढात पाणी अंगणाला लागतं आणि आम्हा बायकांचे हात कुजायला लागतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी आधी पांढरी पडते, मग फाटते, आणि त्या फटींत सडक्या जलपर्णीचं पाणी शिरतं. झोपताना हळद-तेल लावायचं, सकाळी उठून पुन्हा हात त्यातच घालायचे. पुरुष लोक पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीच्या वाफ्यावर उभं राहून गाणी म्हणतात आणि शहरातून आलेली माणसं त्यांचे फोटो काढून नेतात. निम्मी शेती आमच्या पडवीत, उकिडवं बसून होते, ते बघायला कोणी येत नाही. येऊ पण नये. वास मारतो.

गोळे करणं हे आमचं काम. पाणवेल आणि कुजलेली जलपर्णी तळहातावर मळायची, लिंबाएवढा गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, बी टोक खाली करून बसवायचं, वरून नारळाच्या काथ्याचा वेढा द्यायचा. असे गोळे घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याखाली झाकून ठेवायचे. कोंब वर आले की माझा नवरा सोबहान ते होडीत घालतो, वाफ्यावर नेऊन मांडतो. रोप वीतभर झालं की व्यापारी मोठी होडी घेऊन येतो. आमच्याकडे पाणी कार्तिकापर्यंत हलत नाही. भाताचं शेत नाही, भाजीचा मळा नाही. रोपं उचलली गेली तर चूल पेटते, नाहीतर नाही.

आमची रोपं उचलली जायची ती माझ्या सासूच्या नावावर. जबेदा तिचं नाव. आम्ही आम्मा म्हणतो.

माझं माहेर वरच्या अंगाचं, कोरड्या जमिनीचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला सगळे कोंब सारखेच दिसायचे. दोन जाड पानं, मध्ये दांडी. दुधी कोणता, डांगर कोणतं, कोहळा कोणता, काही सांगता यायचं नाही. एकदा मी डांगराचे गोळे दुधीच्या रांगेत ठेवले. आम्मानं सगळ्या आळीसमोर विचारलं, "बऊ, तुझ्या आईनं तुला नवरा तरी ओळखायला शिकवलंय का, का तोही रोज नवा चालतो?" आमच्याकडे सुनेला बऊ म्हणतात. बायका हसून हसून पाण्यात पडायच्या बाकी राहिल्या. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

पण शिकवलं तिनंच. डांगराची पहिली दोन पानं ताठ, बोटाला खरखरीत. दुधीचं तिसरं पान वासराच्या कानासारखं मऊ, चुरगळलं तर एक उग्र वास येतो. वांग्याच्या पानाला मागून लव असते, मिरचीचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. "तिसरं पान आलं की गाढवालाही कळतं," ती म्हणायची. "त्याच्या आधी ओळख, मग तुला माझी सून म्हणेन." ती डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगायची.

एकच गोष्ट अशी की ती तिलाही बोटानं कळत नसे. कडू दुधी आणि गोड दुधी यांचं बी एक, कोंब एक, पान एक, फूल एक. फळ चिरून तोंडात घालेपर्यंत खात्रीचा पत्ता लागत नाही, आणि तोवर बिचाऱ्या शेतकऱ्यानं मांडव घातलेला असतो, खत ओतलेलं असतं. कडू दुधी गुरंही खात नाहीत. माणसानं खाल्ला तर ओकून ओकून बेजार होतो.

म्हणून आम्मा बियाण्याचे वेल वेगळे वाढवायची. पाणी उतरलं की परसात वेल लावायची, आणि माघात प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ काढून देठाकडची चकती कच्चीच जिभेवर ठेवायची. डोळे मिटून बसायची. गोड निघाला तर त्या वेलाला जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधायची. लाल फडक्याच्या वेलावरची पुढची फळं वाळेपर्यंत ठेवायची, त्यांचं बी घ्यायचं. बाकीचे वेल उपटून टाकायचे. ही जीभ सांभाळायला तिनं जन्मात कधी विड्याचं पान खाल्लं नाही. आमच्याकडे पान न खाणारी बाई म्हणजे नवलच.

कासेम व्यापारी तिच्या त्या जिभेवर धंदा करायचा. दरवर्षी होडी लागली की पहिल्या रोपाचं पान खुडून तो आम्माच्या हातावर ठेवायचा. "चाची, बोला." आम्मा पान चावायची, पाण्यात थुंकायची, आणि म्हणायची, "बिस्मिल्ला. गोड आहे. भर." पानावरून कधी कळतं, कधी कळत नाही, हे तिला माहीत होतं, आणि वेल आधीच चाखलेले असायचे. पण कासेमला तेवढं ऐकल्याशिवाय चालायचं नाही. मग तो दर घाटावर ओरडत जायचा, "जबेदाचा दुधी! जबेदाचा दुधी!" लोक दुसऱ्या कोणाची रोपं बघायचेसुद्धा नाहीत.

गेल्या पौषात गावाला ताप आला. सांधे धरणारा, डोकं फोडणारा. आम्मा उठली तेव्हा अंगावर हाडं नि कातडी होती. तरी माघात काठी टेकत परसात गेली आणि फडकी बांधून आली. मी सोबहानला म्हटलं, "तुझी आई मेली तरी फडकं बांधायला उठेल." तो म्हणाला, "मग काय, तू बांधणारेस?"

उन्हाळा गेला, पाणी आलं, आम्ही गोळे करायला बसलो. पहिले गोळे वाफ्यावर गेले, तापानंतर आम्मा पुन्हा चुलीशी बसायला लागली, तसं डाळीत मीठ दोनदा पडायला लागलं. सोबहान म्हणाला, "आम्मा, समुद्र ओतलास का यात?" ती म्हणाली, "बायकोला सांग, हात आखडता घे." मीठ तिनंच घातलं होतं. मी पातेलं असं आपटलं की कोंबडी पळाली. मग एकदा पाण्यातला शिळा भात आंबून फसफसला होता, तो तिनं पोटभर खाल्ला. सुकी मासळी भिजून सडली, घर घाणीनं भरलं, ही त्या मासळीशेजारी बसून गोळे वळत होती. मी मनात म्हटलं, म्हातारपण.

श्रावण लागला तेव्हा आमचं पाणी घ्यायचं ओगराळं फुटलं. बी काढून घेतलेल्या दुधीचं एक वाळकं कवच माचावर पडलं होतं. मी ते उभं चिरलं, आतून खरवडलं आणि पाण्याच्या मडक्यात टाकून ठेवलं. सकाळी तहान लागली म्हणून त्यानंच पाणी घेतलं आणि एक घोट गिळला. जीभ मुळापासून आकसली. मी पडवीच्या कडेला धावले आणि होतं नव्हतं ते सगळं पाण्यात ओकले.

तोंड पुसून वळले तर आम्मा मडक्याशी उभी होती. तेच ओगराळं तिच्या हातात. तिनं भरून घेतलं, मान मागे टाकून सगळं प्यायली, आणि पदरानं ओठ टिपले.

"आम्मा, पाणी कसंय?"

"पाण्यासारखं."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं ओगराळं जागेवर ठेवलं, पाटावर बसली, गोळा घेतला. तिचा अंगठा खळगा पाडायला लागला आणि मध्येच थांबला. मी ओकले होते ते तिनं बघितलं होतं.

"फडकी चाखून बांधलीस ना?" मी विचारलं.

"चाखूनच."

"मग?"

तिनं हातातला गोळा फिरवला. "तोंडात धरलं. थांबले. काही आलं नाही. दुसऱ्या वेलाचं धरलं, तेही तसंच. म्हटलं, कडू लागत नाही म्हणजे गोडच."

"मला का नाही बोलावलंस? मला काय जीभ नाही?"

"तुझी जीभ भांडायला." तिला हसू आणायचं होतं, आलं नाही. "ताप उतरला तेव्हा वाटलं, येईल माघारी. भूक येते तशी चवही येईल. रोज मिठाचा खडा ठेवून बघते. नुसता खडा लागतो. हे सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं या घरात, बऊ? गुडघे नाहीत, डोळे अर्धे. एवढी एक जीभ होती."

मला तिची दया आली आणि तिला धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. बाकीची कवचं शोधायला गेले. एक शेजारच्या फुलबानूनं जाळ्याला तरंगा म्हणून नेलं होतं आणि तिचं जाळंच वाहून गेलं होतं. एक चुलीत गेलं होतं. बाकीची कुठं गेली ते अल्लाला ठाऊक. सगळ्या फळांचं बी राख लावून एकाच मडक्यात ठेवलेलं. एक वेल कडू होता का सगळेच, सांगायला आता कोणी नव्हतं.

सोबहान होडीतलं पाणी उपसत होता. मी त्याला ओगराळ्यातलं पाणी पाजलं. तो थुंकला, शिवी दिली, मग मी सगळं सांगितलं. तो होडीच्या काठावर बसला.

"किती रोपं कडू असतील?"

"कळत नाही."

"ओळखता येत नाहीत?"

"तूच ओळख. जन्मापासून इथं आहेस."

आम्ही वाफ्यावर गेलो. आम्माही होडीत येऊन बसली, नको म्हटलं तरी. आभाळ खाली आलं होतं, वाफ्यावर पाय ठेवला की घोटाभर आत जात होता आणि खालून बुडबुडे वर येत होते. रोपं काय सुंदर आली होती! रांगच्या रांग, तिसरं पान फुटलेलं, चौथं फुटू बघणारं, सगळी एका आईची लेकरं असावीत तशी सारखी. मी वाकून पहिल्या रोपाच्या पानाचा कोपरा तोडला, चावला. हिरवट लागलं. दुसरं, हिरवट. तिसरं जरा कडवट वाटलं. ते उपटायला हात घातला आणि वाटलं, आधीच्याची परत खात्री करावी. तेही कडवट लागलं. मग सगळीच कडवट लागायला लागली. वाफ्याखालच्या पाण्यानं चूळ भरली, गूळ चघळला, परत चावलं. गूळसुद्धा कडू.

"तू बघ," मी सोबहानला म्हटलं.

त्यानं थोडी चावली. "हे गोड. हे... हेही गोडच असेल. हे कडू." मी त्याच रोपाचं दुसरं पान त्याच्या हातात दिलं, कुठलं ते न सांगता. तो म्हणाला, "हे गोड."

आम्मा होडीतून उतरली. गुडघे टेकून वाफ्याच्या कडेला बसली आणि पान खुडून तोंडात घातलं. डोळे मिटले. पूर्वी बसायची तशीच, पाठ ताठ करून. मग थुंकली, पुढचं घेतलं. तिला ओकारी येत नव्हती, जीभ आकसत नव्हती. आम्ही दोघं पोट धरून बसलो होतो आणि ही बाई एकामागून एक रोपांची पानं चावत पुढं सरकत होती. हनुवटीवरून हिरवा रस गळत होता.

"आम्मा, पुरे," सोबहान म्हणाला.

"थांब. मघाशी काहीतरी आलं होतं."

"काय आलं होतं?"

तिनं अजून एक चावलं. थांबली. "नाही," म्हणाली. "काही नाही."

सोबहाननं तिला काखेत हात घालून उचललं आणि होडीत बसवलं. घाटाशी आल्यावर तो म्हणाला, "सगळी उपटून टाकू? मग खायचं काय, जलपर्णी? नवीन रोपं करायला बी तेच. दुसरं बी कोण देणार आता, श्रावण लागला."

"कासेमला सांगू," मी म्हटलं.

"सांग. तो आपली नेणार नाही, आणि पुढच्या वर्षी आपल्या घाटाकडे होडीचं तोंडही वळवणार नाही. कोणीच वळवणार नाही."

"आणि ज्यांच्या मांडवावर कडू लागेल त्यांचं काय?"

"त्यांच्या मांडवावर लागेल. माझ्या चुलीवर आज काय चढणार ते बोल."

खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण तांदळाचा डबा रोज मीच खरवडत होते. तो पाण्याच्या मडक्याकडे गेला, ते ओगराळं उचललं आणि पाण्याच्या मधल्या धारेत भिरकावलं. ते बुडालं नाही, दुधीचं कवच कशाला बुडेल. डोलत डोलत वळणापलीकडे गेलं. मडकंही त्यानं पालथं केलं, घासलं, नवं पाणी भरलं.

कासेमची होडी आली ती भर दुपारी, पाऊस जरा थांबला होता तेव्हा. पोट सुटलेला, छातीवर गमछा, लांबूनच ओरडत आला, "चाची, जिवंत आहात ना? ताप आला होता म्हणे!"

"जिवंत आहे," आम्मा म्हणाली. ती सकाळपासून धुतलेलं लुगडं नेसून घाटाच्या फळीवर बसली होती.

सोबहाननं रोपांची पहिली टोपली होडीशी लावली. कासेमनं रोप उचललं, पान वर-खाली करून बघितलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "वा. काय माल आहे. यंदा सगळे घाट तोंड वासून बसलेत." त्यानं पान खुडून आम्माच्या हातावर ठेवलं. "चाची, बोला."

आम्मानं पान तोंडात घातलं. चावलं. तिचे डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. होडीवरची माणसं टोपल्या घ्यायला वाकून उभी होती. मला वाटलं आता म्हणेल, बिस्मिल्ला. आणि वाटलं, म्हणू दे एकदाचं.

ती पाण्यात थुंकली. "कासेम, मला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"गोड का कडू. माझी जीभ तापात मेली. या बियांत कडू मिसळलंय. किती, ते सांगता येत नाही."

कासेम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि तो हसला तसे होडीवरचे सगळे हसले. "चाची, म्हातारपणी चेष्टा सुचते व्हय! गेल्या साली मी इथं अर्धा दिवस उशिरा आलो, त्याचा राग अजून आहे वाटतं?"

"चेष्टा नाही रे."

"ती खरं बोलतीय," मी पुढं होऊन म्हटलं. "मी स्वतः चाखलंय. त्या कवचातलं पाणी पिऊन ओकले मी."

"कुठंय कवच? दाव."

मी सोबहानकडे बघितलं. त्यानं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "म्हातारं माणूस आहे, कासेमभाई," तो हसत म्हणाला, "आणि सासू-सुनेचं भांडण तुम्हाला माहीतच आहे. घ्या, भरा. आभाळ भरून येतंय."

माझ्या तोंडावर चपराक बसावी तसं झालं. मी सासूच्या बाजूनं बोलत होते, आणि सगळे मला सासूवर सूड घेणारी सून म्हणून बघत होते. कासेम तर मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "पोरी, हिच्या नावावर तू चार घास खातेस. असं बोलू नये."

"कासेम, ऐक," आम्मानं त्याच्या गमछ्याचं टोक धरलं. "नको नेऊस. माझ्या नावानं तरी नको नेऊस."

त्यानं तिचा हात हळूच सोडवला, कपाळाला लावला आणि फळीवर परत ठेवला. "चाची, तुम्ही दुवा द्या. एवढी वर्षं चुकली नाही ती जीभ आता काय चुकते. तुम्ही चावलंत ना? मला पुरे."

टोपल्या चढल्या. वाफा बघता बघता उघडा पडला, काळा, नुसत्या खळग्यांचा. आम्मा फळीवरून उठली नाही. पाऊस आला तरी उठली नाही, मग मीच डोक्यावर सूप धरून उभी राहिले. होडी वळणाला लागली तेव्हा पलीकडच्या घाटावरून हाळी ऐकू आली, "जबेदाचा दुधी! गोड दुधी! जबेदाचा दुधी!" पाण्यावरून आवाज लांबवर येतो. वळण गेलं तरी येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सोबहान बाजारातून तांदूळ, तेल आणि मोठी हिलसा मासळी घेऊन आला. मी ती मोहरीत शिजवली. त्याच्या ताटात वाढली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आम्मा काटे काढून सावकाश जेवली आणि म्हणाली, "चांगली झालीय."

मग दुसऱ्या फेरीचे गोळे करायचे होते. कासेम भाद्रपदात परत येणार होता, रोपं सगळीच्या सगळी नेणार म्हणून सांगून गेला होता. मी बियांचं मडकं आणून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. तेच मडकं, दुसरं नव्हतंच. आम्मानं हात आत घातला, मूठभर बी काढलं, राख झटकली. एक बी बोटांत धरून उजेडाकडे केलं, उलटसुलट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी गोळा वळून तिच्या हातावर ठेवला.

तिनं अंगठ्यानं खळगा पाडला आणि बी टोक खाली करून बसवलं. तिच्या हातचं बी कधी वाया जात नाही. पेंढ्याखाली ठेवलेलं एकूण एक उगवतं.